पाठमोरा ग्रीन टर्टल आणि युद्धकाळातले विसरलेले सुपरहिरो

चित्रकथी (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातला सुपरहिरो म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, कॅप्टन अमेरिका. त्याच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आता सिनेमांमुळे घरोघरी पोचलंय: नाझींच्या अड्ड्यात घुसून थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा, आणि ढालीवर आपटून उडणाऱ्या गोळ्या. अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्येच. पर्ल हार्बरला अजून वर्षभर अवकाश होता, अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी ते धाडस केलं, धमक्याही झेलल्या. त्यांचा मान त्यांना आहेच.

पण त्या मुखपृष्ठावरची ढाल नीट पाहा. ती गोल नाही, खाली निमुळती होत गेलेली आहे. गोल झाली ती दुसऱ्या अंकापासून, कारण एका दुसऱ्या प्रकाशकाने हरकत घेतली. त्याचा नायक 'द शील्ड' जानेवारी १९४० च्या 'पेप कॉमिक्स'मध्ये आला होता, म्हणजे कॅप्टन अमेरिकेच्या १४ महिने आधी, आणि त्याच्या छातीवर नेमक्या त्याच आकाराचं कवच होतं. अमेरिकेचा झेंडा अंगावर घेऊन लढणारा पहिला सुपरहिरो हा. हॅरी शॉर्टन आणि अर्व्ह नोविक यांनी घडवलेला. आज त्याचं नाव किती जणांना माहीत आहे? त्याच 'पेप'च्या २२ व्या अंकात, डिसेंबर १९४१ मध्ये, आर्ची नावाचा एक लाल केसांचा शाळकरी पोरगा आला. बघता बघता त्याने सगळी पानं व्यापली, पुढे कंपनीने नावही त्याचंच घेतलं आणि शील्ड मागे पडला.

त्या काळात असे सुपरहिरो ढिगाने निघाले. बरेचसे एकमेकांची नक्कल होते आणि त्यातले अनेक विसरले गेले याचं मला वाईट वाटत नाही. माझा जीव अडकलाय तो एका ग्रीन टर्टलमध्ये.

जून १९४४ च्या 'ब्लेझिंग कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो आला. चित्रकार चू फूक हिंग, चिनी वंशाचे अमेरिकन. नायक चीनमध्ये जपानी सैन्याशी लढतो. अंग उघडं, चेहऱ्यावर मुखवटा, पाठीवर कासवाच्या कवचाची नक्षी असलेली हिरवी केप. कथा नेहमीच्या वळणाच्या आहेत. पण काही पानं उलटली की खटकायला लागतं: हा माणूस आपल्याकडे तोंडच करत नाही! एका चौकटीत पाठमोरा. पुढच्या चौकटीत वळतोय, तर केप आडवी आलेली. ठोसा मारतोय, तर त्याचाच दंड चेहऱ्यावर. मान खाली, नाहीतर तोंडावर अंधार. आणि बर्मा बॉय नावाचा त्याचा छोटा साथीदार जेव्हा जेव्हा विचारतो की तुम्ही ग्रीन टर्टल झालात तरी कसे, तेव्हा तो सांगायला लागतो आणि नेमकं तेवढ्यात काहीतरी विघ्न येतं. पाच अंकांत ही मालिका आटोपली. ती गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच.

कॉमिक्सच्या जगात वर्षानुवर्षं असं सांगतात की चू हिंगना नायक चिनी हवा होता आणि प्रकाशकाने नकार दिला. मग त्यांनी चेहराच दाखवायचा नाही असं ठरवलं, म्हणजे निदान त्यांच्यापुरता तो चिनी राहील. याला कागदोपत्री पुरावा नाही, ही ऐकीव गोष्टच आहे. पण पानांवर जे दिसतं ते दिसतं. आजूबाजूच्या आशियाई माणसांना पिवळट रंग दिलाय आणि याच्या कातडीला असा भडक गुलाबी की जणू कुणाला तरी ठासून सांगायचंय, हा गोरा आहे बरं का. काळही लक्षात घ्या. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणारा १८८२ चा कायदा रद्द झाला डिसेंबर १९४३ मध्ये, चीन युद्धात मित्र होता म्हणून. तेव्हाही वर्षाला प्रवेश किती जणांना? फक्त १०५. त्यानंतर सहा महिन्यांनी हा पाठमोरा नायक छापला गेला.

मला या अंकांमध्ये नायकाच्या ताकदीपेक्षा तो काढणाऱ्या हाताचं कुतूहल जास्त वाटतं. तुम्हाला असे कोण कोण भेटलेत ते लिहा. फक्त यादी नको, एखादं पान, एखादी चौकट, काहीतरी पाहिलेलं लिहा.

कोरी पाटी

वाचनखूण साठवली आहे. खूप आवडलं. हे अंक वाचायला कुठे मिळतात? जुने अंक तर लिलावात लाखोंना जातात म्हणे.

चित्रकथी

@कोरी पाटी, बरेचसे फुकट आणि कायदेशीर मिळतात. अमेरिकेत १९६४ पूर्वी छापलेल्या मजकुराचा हक्क २८ व्या वर्षी अर्ज करून वाढवून घ्यावा लागायचा. ज्या कंपन्या तोवर बंदच पडल्या होत्या त्यांच्या वतीने अर्ज कोण करणार? त्यामुळे शेकडो अंक सार्वजनिक मालकीचे झाले. 'डिजिटल कॉमिक म्युझियम' आणि 'कॉमिक बुक प्लस' या दोन साइट्सवर संग्राहकांनी आपापल्या प्रती पानपान स्कॅन करून चढवल्यात. ग्रीन टर्टलचे पाचही अंक वाचता येतील. स्कॅन बघताना पिवळं पडलेलं पान, कुणा पोराने पेन्सिलने मारलेल्या रेघा, सगळं दिसतं. साफसूफ करून नव्याने छापलेल्या आवृत्तीपेक्षा मला हेच बरं वाटतं.

मूळ प्रती इतक्या दुर्मीळ का, यामागेही युद्धच आहे. कागदाची टंचाई होती, म्हणून मुलांनी घरोघर फिरून रद्दी गोळा करायची मोहीम चालायची. तसं आवाहन कॉमिक्समधूनच केलेलं असायचं. शील्ड, कॅप्टन अमेरिका यांच्या शब्दाखातर पोरांनी जी रद्दी दिली तिच्यात हे अंकही गेले. बरेच अंक सैनिकांसोबत परदेशी गेले ते तिकडेच फाटले.

उत्तररंग

धागा टोरांटोतून वाचतेय, त्यामुळे नेल्व्हाना आलीच पाहिजे!

डिसेंबर १९४० मध्ये कॅनडाने परकीय चलन वाचवण्यासाठी कायदा केला आणि अनावश्यक वस्तूंची अमेरिकेतून आयात बंद केली. त्यात कॉमिक्सही आली. इथली पोरं एका फटक्यात सुपरमॅनला मुकली. मग टोरांटो आणि व्हँकुव्हरच्या प्रकाशकांनी स्वतःची कॉमिक्स काढली. मुखपृष्ठ रंगीत, आतली पानं काळी-पांढरी, म्हणून त्यांना इथे 'कॅनेडियन व्हाइट्स' म्हणतात.

त्यातली राणी म्हणजे 'नेल्व्हाना ऑफ द नॉर्दर्न लाइट्स'. ऑगस्ट १९४१, चित्रकार एड्रियन डिंगल. वंडर वूमन वाचकांसमोर आली त्याच्या आधी काही महिने. बाप कोलिआक हा उत्तरेच्या प्रकाशाचा राजा, आई माणूस. ती ध्रुवीय प्रकाशाच्या किरणावरून प्रकाशाच्या वेगाने जाते, अदृश्य होते, उष्णतेने धातू वितळवते. मूळ कल्पना डिंगलच्या ओळखीतल्या फ्रांझ जॉन्स्टन या नामवंत चित्रकाराने उत्तरेकडून आणलेल्या एका इनुइट (उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवासी) स्त्रीच्या कथेवरून.

चित्रकथी, तुम्ही पान मागितलंत म्हणून सांगते. डिंगलने काळ्या शाईत ध्रुवीय प्रकाश काढलाय. रंग वापरायची मुभाच नाही! तर त्याने आभाळ गच्च काळं भरलं आणि त्यातून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या तशाच सोडल्या. आम्ही एकदा उत्तरेकडे जाऊन खरा प्रकाश पाहिला, हिरवा. तरी माझ्या मनात नेल्व्हानाचा पांढराच राहिलाय.

एक गोष्ट मात्र बोचते. इनुइट लोकांची रक्षणकर्ती आणि दिसायला अगदी हॉलिवूडची गोरी नटी. तुमच्या गुलाबी कासवाचंच दुखणं. फरक इतकाच की इथे कुणी लपवाछपवी केली नाही, कारण इनुइट माणूस स्वतः ब्रश धरायला नव्हताच.

युद्ध संपलं, अमेरिकन रंगीत कॉमिक्स परत आली आणि काळी-पांढरी कॉमिक्स टिकली नाहीत. नेल्व्हाना १९४७ मध्ये संपली. १९९५ मध्ये कॅनडाच्या टपाल खात्याने सुपरहिरोंची तिकिटं काढली त्यात ती होती, आणि होप निकोल्सन व रेचल रिची या दोघींनी लोकवर्गणी करून तिच्या सगळ्या कथा पुस्तकरूपाने आणल्या. प्रकाशक बेल फीचर्सचा संग्रह ओटावाच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागारात जपून ठेवलाय.

शाईदौत

उत्तररंगताई, फार सुंदर प्रतिसाद. तुमच्या नेल्व्हानाच्या जोडीला मी दोन बायका आणते. एक कागदावरची, एक कागदामागची.

कागदावरची मिस फ्युरी. ६ एप्रिल १९४१ पासून वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानावर. काढणारी टार्पे मिल्स. तिचं पूर्ण नाव जून टार्पे मिल्स, पण बाईचं नाव दिसू नये म्हणून 'जून' गाळलं. नायिका मार्ला ड्रेक ही श्रीमंत घरची मुलगी. एका वेषांतराच्या पार्टीला दुसरी कुणी आपल्यासारखाच पोशाख करून येणार हे कळतं, म्हणून ती काकाने ठेवलेलं काळ्या पँथरचं कातडं अंगावर चढवते. इथून सगळं सुरू. मिल्सचा फॅशनचा अभ्यास पक्का असल्यामुळे कपड्यांच्या चुण्या, टोप्या, बुटांच्या टाचा असं काही काढते की बघत राहावं. आणि मारामारीत ते कपडे खरोखरचे फाटतात! पुरुष चित्रकारांच्या नायिका दहा जणांना लोळवून आल्या तरी केसाची बट हलत नाही.

तिची खलनायिका बॅरोनेस एरिका फॉन कांफ. तिच्या कपाळावर नाझी चिन्हाचा डाग दिलेला आहे आणि तो झाकायला ती पुढचे केस कापून कपाळावर घेते. एवढ्या एका केशरचनेत पूर्ण बाई उभी राहते. मिल्सच्या गोष्टीत वाईट बायकाही हुशार आहेत, त्यांनाही मन आहे. ही मालिका १९५२ पर्यंत चालली.

कागदामागची म्हणजे लिली रेने. जन्म व्हिएन्ना, १९२१. ज्यू कुटुंब. नाझींनी ऑस्ट्रिया गिळला तेव्हा मुलांना इंग्लंडला हलवणाऱ्या 'किंडरट्रान्सपोर्ट'मधून एकटी निसटली, पुढे न्यूयॉर्कला आईवडिलांची भेट झाली. पुरुष चित्रकार सैन्यात गेलेले होते, म्हणून 'फिक्शन हाउस' या प्रकाशनाने बायका घेतल्या. लिलीने सुरुवात केली ती दुसऱ्यांच्या पानांवरच्या पेन्सिलच्या रेघा खोडण्यापासून. मग तिच्याकडे 'सेन्योरिता रिओ' आली: हॉलिवूडची नटी, होणारा नवरा पर्ल हार्बरमध्ये गेला म्हणून हेर झालेली, दक्षिण अमेरिकेत नाझी हस्तकांचा पिच्छा पुरवणारी. ही नायिका लिलीच्या आधीपासून चालू होती, पण लिलीच्या हातात ती बदलली. तिच्या पानांवर नाझी अधिकारी बघा. इतर चित्रकार त्यांना राक्षस करतात. लिलीचे नाझी नीटनेटके, इस्त्रीच्या गणवेशातले असतात. व्हिएन्नात तिने माणसंच पाहिली होती ना.

सही 'एल. रेने' असल्यामुळे वाचक तिला पुरुषच समजायचे. युद्धानंतर कॉमिक्स सुटली, ती विस्मृतीत गेली. चित्रकार आणि संशोधक ट्रिना रॉबिन्सने तिला शोधून काढलं तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. २०२२ मध्ये १०१ व्या वर्षी गेली. आपल्या हयातीत आपलं काम पुन्हा वाचलं जातंय हे तिने पाहिलं, याचा मला फार आनंद आहे.

कोरी पाटी

शाईदौत, तो 'माणसंच पाहिली होती' वाला परिच्छेद दोनदा वाचला.

सडेतोड

सगळे भारावलेले दिसताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी यातले बरेच अंक वाचलेत आणि पुष्कळ अंक मध्येच बंद केलेत.

जपानी माणूस म्हणजे पिवळाजर्द, सुळे बाहेर, जाड भिंगांचा चष्मा, पंजासारखे हात. हे एखाद्या अंकात नाही, जिथे तिथे. फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक. त्याच महिन्यांत शेजारची पोरं १० सेंटला ही चित्रं विकत घेत होती. काळ्या माणसांचं काय? १९४१ च्या 'यंग अलाइज'मध्ये व्हाइटवॉश जोन्स नावाचं काळं पोर आहे. ओठ, बोली, कलिंगड, सगळी टवाळी. आणि तो नायकांच्या टोळीतला, म्हणजे आपल्या बाजूचा!

हे सगळं आपोआप झालं असंही नाही. 'रायटर्स वॉर बोर्ड' ही लेखकांची संस्था सरकारी पैशावर चालायची आणि १९४३ पासून कॉमिक्ससाठी तिची वेगळी समिती होती. शत्रू कसा दाखवायचा यावर तिथे चर्चा व्हायची.

म्हणून विचारतो, हे विसरलं गेलं तर बिघडलं कुठे? प्रचारसाहित्य होतं, काम झालं, रद्दीत गेलं.

पुस्तकवेडा

सडेतोड यांच्याशी अर्धा सहमत. माझ्या मुलीच्या हातात मी हे अंक असेच देणार नाही, शेजारी बसून वाचेन.

चित्रकथी

@सडेतोड, तुमचा एकही मुद्दा खोटा नाही. ग्रीन टर्टलमध्येही जपान्यांची चित्रं तशीच ओंगळ आहेत. चू हिंगच्या हाताने आपल्या लोकांना माणसासारखं काढलं आणि शत्रूला नाही. चीनमध्ये जपानी सैन्याने जे केलं ते पाहता त्यांचा संताप मला कळतो, पण चित्र ओंगळ ते ओंगळच.

तरीही विसरावं असं मला वाटत नाही, आणि कारण प्रचाराच्या विरुद्ध टोकाचं आहे. मुख्य कंपन्यांच्या नायकांची गेली ८० वर्षं रंगसफेदी होत आलीय. व्हाइटवॉश जोन्सला आजच्या सिनेमात कोण आठवतं? जुने डाग जसेच्या तसे दिसतात ते या मालक नसलेल्या अंकांतच, कारण ते पुसण्यात कुणाचा फायदा नाही. सडेतोड, तुम्हाला जे दिसलं ते दिसायला हे अंक शिल्लक असावे लागले.

आणि याच ढिगात किस्मत आहे. 'बॉम्बर कॉमिक्स', १९४४, चार अंक. अल्जीरियाचा मुसलमान, डोक्यावर तुर्की टोपी, दक्षिण फ्रान्समध्ये नाझींशी लढतो. त्याचं मुसलमान असणं कुठेही चेष्टेचा विषय नाही. अल्लाचं नाव घेतो आणि कामाला लागतो. लेखक म्हणून 'ओमर ताहान' असं नाव छापलंय, ते टोपणनाव समजलं जातं. आमच्या काळात ए. डेव्हिड लुईस या लेखकाने त्याला पुन्हा उभं केलं, आजच्या बॉस्टनमध्ये आणून.

काळ्या वाचकांना त्यांचा नायक मिळायला जून १९४७ उजाडला. फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी 'ऑल-नीग्रो कॉमिक्स' काढलं. लिहिणारे, चित्रं काढणारे सगळे काळे. त्यात लायन मॅन हा काळा शास्त्रज्ञ-नायक. दुसऱ्या अंकाची पानं तयार होती, पण कागद विकणाऱ्यांनी इव्हान्सना कागदच द्यायचं बंद केलं. तो अंक निघालाच नाही.

सडेतोड

इव्हान्सबद्दल माहीत नव्हतं, वाचतो. पण माझं म्हणणं मागे घेत नाही. चार किस्मतसाठी चारशे पानांची घाण उपसायची तयारी सगळ्यांची नसते, आणि ती नसणाऱ्याला अरसिक म्हणू नये.

चित्रकथी

मान्य.

पुस्तकवेडा

आपल्या वेताळाला कुणी बोलावलं नाही! ली फॉकचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ चा, सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधीचा. आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून पोचला, मराठीत वेताळ होऊन. पण त्याच्या खूप आधी, चाळीसच्या दशकातच 'इलस्ट्रेटेड वीकली'त तो छापून येत होता. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्या मुंबईकरांना तो युद्धाच्या सुमारासच भेटला.

आणि हो, वेताळही युद्धावर होता. १९४२-४३ मधल्या वर्तमानपत्रांतल्या रोजच्या चित्रपट्ट्यांत जपानी सैन्य त्याच्या जंगलात उतरतं आणि तो टोळ्यांना घेऊन लढतो. चित्रकार रे मूर सैन्यात गेले, म्हणून विल्सन मॅकॉय यांनी काम हाती घेतलं. आपण इंद्रजालमध्ये जो डेंकालीचा शांत, कवटीच्या गुहेतला वेताळ वाचला, त्याच्या अंगावर हे युद्ध कुठेच दिसत नव्हतं. जुन्या पट्ट्या एकत्र छापलेल्या हाती आल्या तेव्हा मी चकित झालो होतो.

अवांतर: मराठी इंद्रजालचे अंक कुणाकडे चांगल्या अवस्थेत असतील तर कृपया रद्दीत घालू नका. इंग्रजीचे स्कॅन मिळतात, मराठीचे फार थोडे.

इरावती काठ

मी कॉमिक्सवाला नाही. ब्रह्मदेशातल्या युद्धावर वाचत असतो. रंगूनमधल्या भारतीयांची १९४२ ची पायपीट हा माझा विषय. त्या वाचनात एक चित्रकार सापडला, तो या धाग्यावर असायला हवा.

बर्ट क्रिस्टमन. कोलोरॅडोचा. १९३९ मध्ये 'अॅडव्हेंचर कॉमिक्स'च्या ४० व्या अंकात 'सँडमॅन' हा नायक आला, त्याची चित्रं याची. सूट, हॅट आणि तोंडावर वायूपासून बचाव करणारा मुखवटा. त्याआधी वैमानिक स्कॉर्ची स्मिथची वर्तमानपत्रातली पट्टी तो काढायचा. विमानं काढता काढता त्याला स्वतःला उडायचं होतं, म्हणून नौदलात वैमानिक झाला आणि मग अमेरिकन स्वयंसेवक तुकडीत, म्हणजे 'फ्लाइंग टायगर्स'मध्ये, दाखल होऊन ब्रह्मदेशात आला. त्याच्या स्क्वॉड्रनचं नाव पांडा बेअर्स. सोबत्यांच्या विमानांवर याने पांडाची चित्रं रंगवली.

२३ जानेवारी १९४२ ला रंगूनवरच्या हवाई लढाईत त्याचं विमान पडलं. पॅराशूटने उतरत असताना गोळ्या लागून तो गेला. वय २६. मार्चमध्ये रंगून पडलं.

सँडमॅन हे नाव पुढे दुसऱ्या एका नायकामुळे जगभर गाजलं. क्रिस्टमनला मात्र कॉमिक्सवाले विसरले आणि विमानवाले ओळखतात ते वैमानिक म्हणून.

शाईदौत

@इरावती काठ, काटा आला. हे लिहिलंत, फार बरं केलंत. कर्बीसुद्धा १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत उतरले होते. चित्र काढता येतं हे कळल्यावर त्यांना टेहळणीवर पाठवलं, पुढे जाऊन शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे काढून आणायला. थंडीने पाय इतके सुजले की कापावे लागतील अशी वेळ आली होती. पाय वाचले.

अनघा_नाशिक

मुलाला धागा वाचून दाखवत होते. नऊ वर्षांचा आहे. त्याने विचारलेला प्रश्न तसाच देते: "सुपरमॅन एवढा पॉवरफुल होता तर त्याने युद्ध एका दिवसात का नाही संपवलं?" कुणीतरी उत्तर द्या, मला जमलं नाही.

चित्रकथी

अनघाताई, मुलाला सांगा की हाच प्रश्न तेव्हाच्या संपादकांना छळत होता.

फेब्रुवारी १९४० मध्ये 'लुक' मासिकाने सुपरमॅनच्या निर्मात्यांना, जेरी सीगल आणि जो शूस्टर यांना, नेमकं हेच विचारलं. त्यांनी दोन पानांत उत्तर काढून दिलं: सुपरमॅन जर्मन तटबंदीवरच्या तोफा वाकवतो, हिटलरची मानगूट धरतो, तसाच उडत जाऊन स्टॅलिनला उचलतो आणि दोघांना जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभं करतो. खटला, शिक्षा, खेळ खलास. नाझींच्या एसएस संघटनेच्या 'दास श्वार्त्स कोर' या साप्ताहिकाने एप्रिलमध्ये त्यावर आगपाखड केली, सीगलच्या ज्यू असण्यावर गरळ ओकली. दोन पानांची चित्रं बर्लिनला झोंबली!

पण अमेरिका खरोखर युद्धात उतरली आणि हे उत्तर चालेना. घरातला मुलगा आघाडीवर असताना कागदावर सुपरमॅनने चुटकीसरशी बर्लिन घेतलं, तर त्या मुलाच्या लढण्याला काय अर्थ राहिला? मग १९४२ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रातल्या पट्टीत तोडगा काढला. क्लार्क केंट भरतीला जातो. डोळ्यांची तपासणी होते. उत्साहाच्या भरात त्याची क्ष-किरण नजर समोरच्या तक्त्यातून आरपार जाते आणि तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. डॉक्टर त्याला नापास करतात. सुपरमॅन घरीच राहतो, हेरांना पकडतो, युद्धरोखे विका-घ्या म्हणून सांगतो.

छोट्या कंपन्यांना असली पंचाईत नव्हती. त्यांचे नायक बिनधास्त आघाडीवर गेले. जुलै १९४१ मध्ये डेअरडेव्हिल नावाच्या एका नायकाचा पहिलाच स्वतंत्र अंक निघाला तो हिटलरशी लढाईचा. (आजचा आंधळा वकील तो हा नव्हे, नाव तेवढं सारखं.) पण शत्रूशीच बांधलेले असल्यामुळे १९४५ नंतर त्यांना काम उरलं नाही. वाचक गुन्हेकथा, प्रेमकथा, भयकथांकडे वळले. खुद्द कॅप्टन अमेरिकेचा अंक दशक संपता संपता बंद पडला. १९६४ मध्ये बर्फातून काढून त्याला परत आणलं. बाकीच्यांना बर्फातून काढायला कुणी आलं नाही.

अनघा_नाशिक

डोळ्यांच्या तपासणीवर खो खो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "म्हणजे त्याला जायचं होतं." धन्यवाद चित्रकथी.

कोरी पाटी

'ब्लेझिंग'चा पहिला अंक वाचला. चेहऱ्याबद्दल तुम्ही लिहिलं होतंत म्हणून तेच शोधत होतो, पण मला दुसरंच दिसलं. ग्रीन टर्टलच्या मागे एक भलीमोठी काळी सावली आहे, कासवाच्या आकाराची, तिला डोळे आहेत आणि ती चक्क हसतेय. तो पुढे जातो तशी तीही जाते. इतर कुणालाच ती दिसत नाही बहुतेक. हे काय आहे?

चित्रकथी

कोरी पाटी, बरोबर जागी नजर गेली. चू हिंगनी त्या सावलीचा खुलासा कुठेच केलेला नाही. पाचही अंकांत ती येते, कथेतलं कुणी तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

२०१४ मध्ये लेखक जीन लुएन यँग आणि चित्रकार सॉनी लिऊ यांनी 'द शॅडो हिरो' नावाचं पुस्तक केलं ते याच सावलीवरून. त्यांनी ग्रीन टर्टलला जन्मकथा दिली. तो अमेरिकेतल्या चायनाटाउनमधल्या वाणसामानाच्या दुकानदाराचा मुलगा आहे, त्याच्या आईलाच त्याने सुपरहिरो व्हावंसं वाटतं, आणि सावली म्हणजे चीनहून आलेला कासवाचा प्राचीन आत्मा. चेहरा पहिल्यापासून समोर, चिनी. पुस्तकाच्या शेवटी १९४४ चा मूळ अंक जोडलाय, त्यामुळे दोन्ही एकाच बैठकीत वाचता येतात. आधी मूळ पाच अंक वाचा, मग ते. आणि मूळ अंकात सावलीचे डोळे कुठे बघताहेत ते प्रत्येक चौकटीत तपासा. मला वाटतं ती बऱ्याचदा थेट वाचकाकडे बघते. तुमचं मत कळवा, इथेच लिहा.